ओव्हरहॉल झालेल्या इंजिनाचं ऑइल प्रेशर पडतंय? परत खोलायच्या आधी हे वाचा



१ जून ते ३१ जुलै ही बंदीची ६१ दिवसं म्हणजे आपल्या जेटीवर इंजिनांचे दिवस. मालीम घ्या, चापोरा घ्या, कुटबण घ्या, ज्याच्या त्याच्या ट्रॉलरचं इंजिन एकतर गॅरेजात नाहीतर डेकवर ताडपत्रीखाली. क्रँक ग्राइंडिंगला जातो, नवे लायनर, नवे पिस्टन, नवी बेअरिंगं पडतात. ऑगस्ट उजाडला की पहिली फेरी. आणि मग तांडेलाचा फोन येतो, "सकाळी काटा बरा होता, इंजिन तापलं आणि प्रेशर खाली आलं."

मालकाला तेव्हा तीन सल्ले मिळतात. गेज बिघडलंय म्हणून सोडून द्या. जाड ऑइल घाला. किंवा सगळं परत खोला. आमच्या मते तिन्ही घाईचे आहेत. ट्रकच्या इंजिनाचं परत खोलणं वेगळं आणि आपलं वेगळं. होडीत इंजिनाखाली हात जायलाही जागा नसते. चेंबर काढायचा म्हणजे शाफ्ट सोडा, फाउंडेशनचे बोल्ट सोडा, इंजिन साखळीवर उचला. त्यात ऐन बांगड्याचे आठ-दहा दिवस जातात, खलाशांचा खर्च चालूच राहतो. म्हणून आधी मोजायचं, आणि वरून जेवढं कळतं तेवढं कळून घ्यायचं.

(आउटबोर्डवाल्या कॅनोचे मालक विचारतील म्हणून सांगतो: पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक मशीनला ही ऑइल चेंबरची भानगडच नाही. हे लिखाण इनबोर्ड डिझेल इंजिनाबद्दल आहे. गाडीच्या ओव्हरहॉल केलेल्या इंजिनालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.)

प्रेशर कुठून येतं

ऑइलचा रस्ता डोळ्यासमोर आणा. चेंबरच्या तळाला जाळी, जाळीतून नळी, नळीतून पंप. पंपानंतर रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे प्रेशर फार चढलं तर ऑइल परत चेंबरमध्ये सोडणारी स्प्रिंग. मग कूलर, फिल्टर, आणि पुढे मेन गॅलरी, म्हणजे ब्लॉकच्या पोटातली लांब आडवी नळी. गॅलरीतून एकेका मेन बेअरिंगला ऑइल जातं, मेनमधून क्रँकच्या आतल्या भोकातून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला. वरच्या रॉकरला आणि कॅमलाही गॅलरीतूनच.

पंप प्रेशर बनवत नाही. तो फक्त ऑइल ढकलतो. पुढे वाट अरुंद असेल तेव्हा प्रेशर तयार होतं. डेक धुवायचा पाइप बघा. टोकाला अंगठा धरला की पाणी लांब जातं, आणि तोच पाइप मध्ये कुठे फाटला की पंप कितीही जोरात चालो, टोकाला धार येत नाही. इंजिनात हा अंगठा म्हणजे बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधली बारीक फट, क्लिअरन्स. ८० मिलिमीटरच्या जर्नलला ती साधारण ०.०८ मिलिमीटर, म्हणजे व्यासाचा हजारावा भाग, असा जुना ठोकताळा आहे. नेमका आकडा मात्र इंजिनाच्या पुस्तकातलाच धरायचा. आता ही फट दुप्पट झाली तर ऑइल दुप्पट गळेल असं वाटतं. तसं नाही. फटीतून वाहणारं ऑइल फटीच्या घनाच्या हिशेबाने वाढतं. फट दुप्पट, तर गळती जवळजवळ आठपट. म्हणूनच एकदोन बेअरिंगं सैल बसली तरी नवाकोरा पंप हात टेकतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ती लागणार आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये ब्यूशॅम्प टॉवर नावाचा इंजिनियर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्याने बेअरिंगच्या वरच्या बाजूला ऑइल घालायला भोक पाडलं. आस फिरायला लागला तशी त्या भोकातून ऑइल उलटं वर यायला लागलं. त्याने लाकडी बूच मारलं, तर तेही हळूहळू बाहेर ढकललं गेलं. म्हणजे फिरता आस स्वतःच ऑइल पाचरीसारखं फटीत ओढतो आणि तिथे प्रचंड दाब तयार करून स्वतः त्यावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. आपल्या इंजिनात क्रँकचं वजन आणि पिस्टनचा मार पंपाचे तीन-चार किलो पेलत नाहीत, ही फिरण्यातून तयार होणारी ऑइलची फिल्म पेलते. पंपाचं काम एवढंच, की त्या फटीत ऑइल कधी कमी पडू द्यायचं नाही. पण पुरवठा एकदा तुटला की फिल्म तुटायला काही सेकंद पुरतात.

आधी काटा तपासा, पण नीट

खाऱ्या हवेत गेजची वायर आणि सेंडर लवकर गंजतात, त्यामुळे काटा खोटं बोलतो हे खरं आहे. म्हणून सेंडर काढून त्याच भोकात साधं मेकॅनिकल गेज लावा. लाल दिव्यावर विसंबू नका. तो दिवा बहुतेक इंजिनांत प्रेशर अर्ध्या किलोच्या आसपास आलं की लागतो, तोवर उशीर झालेला असतो.

गेज लावून चार आकडे लिहा: थंड इंजिन आयडलला, थंड इंजिन कामाच्या वेगाला, आणि हेच दोन इंजिन पूर्ण तापल्यावर. पूर्ण तापलेलं म्हणजे जेटीला बांधून पाच मिनिटं चालवलेलं नव्हे. पाणी तापतं लवकर, ऑइल तापायला वेळ लागतो. खाडीतच, गियरमध्ये, लोड घेऊन अर्धा तास तरी चालवा. आपल्या ट्रॉलरवरच्या सहा सिलिंडरच्या डिझेलला तापल्यावर कामाच्या वेगाला साधारण तीन ते पाच किलो आणि आयडलला एक किलोच्या वर असलं तर ठीक समजतात, पण शेवटचा शब्द पुस्तकाचा.

आता आकड्यांचा अर्थ. सुरुवातीपासून प्रेशर चढतच नसेल तर बेअरिंगवर आळ घेऊ नका. पंप कोरडा राहिला असेल, रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला असेल, जाळीच्या नळीचं पॅकिंग नीट बसलं नसेल, किंवा ब्लॉक धुताना गॅलरीचे प्लग काढले होते आणि एक परत लावायचा राहिला. हा प्लग टायमिंगच्या कव्हराआड असतो तेव्हा बाहेर ऑइलचा थेंब दिसत नाही, सगळं आतल्या आत चेंबरमध्ये पडतं.

थंडपणी चांगलं आणि तापल्यावर सगळ्याच वेगांना खाली, तर एकतर ऑइल पातळ झालंय किंवा क्लिअरन्स जास्त आहे. आयडलला बरं, पण वेग वाढवला तरी काटा त्या प्रमाणात चढत नाही, तर रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग किंवा तुंबलेली जाळी बघा. ओव्हरहॉलनंतर जाळीत कापडाचे धागे आणि पॅकिंगच्या पेस्टचे गोळे निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. होडी लाटेवर डोलली की काटा थरथरतो, पडतो, परत येतो, तर पंप हवा ओढतोय.

हवेबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण ते आपल्या होडीचंच दुखणं आहे. ट्रकात इंजिन जवळपास सपाट बसतं. होडीत प्रॉपेलर शाफ्टच्या उतारामुळे गियरबॉक्सची बाजू खाली जाते. ऑइलची पट्टी मात्र सपाट इंजिनाच्या हिशेबाने खुणा केलेली असू शकते. इंजिन बदललं किंवा दुसऱ्या मॉडेलचा चेंबर लावला, की पट्टी 'फुल' दाखवते आणि जाळीच्या बाजूला ऑइल कमी असतं. नाळ उचलली गेली की जाळी उघडी. अशा वेळी चेंबरमध्ये पुस्तकाप्रमाणे मोजून लिटर भरा, होडी पाण्यात उभी असताना पट्टी बघा, आणि तिथे तुमची स्वतःची खूण करा. खुणेच्या वर मात्र ऑइल भरू नका. क्रँक ऑइलला मारायला लागला की फेस होतो, आणि फेस म्हणजे परत हवाच.

इंजिन न खोलता आणखी काय कळतं

पट्टीवरचं ऑइल बोटांवर चोळा आणि हुंगा. न भरता पातळी वाढली असेल तर आत काहीतरी येतंय. डिझेलचा वास आला तर फीड पंपाचा पडदा, इंजेक्शन पंपाचं सील किंवा गळकं नोझल. डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं आणि प्रेशर पाडतं, तेव्हा बेअरिंग निर्दोष असतं. ऑइल दुधी झालं असेल तर पाणी. थोडं पाणी डोळ्याला दिसत नाही, म्हणून तापलेल्या तव्यावर दोन थेंब टाका, फोडणीसारखं तडतडलं तर पाणी आहे. (हे इंजिन रूमच्या बाहेर करा, बाबांनो.) ऑइल कूलरची नळी फुटली असेल आणि तिथे समुद्राचं पाणी फिरत असेल तर ते मिठाचं पाणी आहे, बेअरिंगला एक रात्रसुद्धा सोडत नाही. इंजिन उभं करून ठेवू नका, त्याच दिवशी ऑइल काढा.

मग फिल्टर. काढलेला फिल्टर फेकू नका. त्याचं डबडं करवतीने नको, करवतीचा कीस आत पडतो, छिन्नीने किंवा पत्र्याच्या कात्रीने कापा. कागद उलगडून सफेद कपड्यावर झटका आणि उन्हात बघा. चमचमणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले ते लोखंड: रिंग, लायनर, गियर, कॅम. जे चिकटत नाहीत आणि तांबूस किंवा करडे चमकतात ते बहुतेक बेअरिंगचे. नव्या इंजिनात पहिल्या फिल्टरला थोडी चमक असतेच, ती धुळीसारखी बारीक असते. नखाने उचलता येईल एवढा तुकडा दिसला तर मात्र इंजिन सुरूच करू नका.

आवाज ऐका. मेन बेअरिंगचा ठोका जड, खोल, लोड घेतल्यावर वाढणारा. रॉडच्या बेअरिंगचा जरा चढा, वेग एकदम सोडला की खडखडणारा. कुठल्या सिलिंडरचा, हे शोधायला जुनी साधी पंपाची इंजिनं आयडलला ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट एक फेरा ढिला करतात. तो सिलिंडर बंद पडला आणि ठोका कमी झाला तर रॉड तिथलाच. नटावर कापड टाका आणि हात लांब ठेवा, त्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं आणि बोट कापायची वेळ येते. नव्या कॉमन रेल इंजिनावर हा प्रकार अजिबात करू नका.

एक समज इथे मोडायला हवा. प्रेशर चांगलं म्हणजे बेअरिंगला ऑइल मिळतंय, असं नसतं. काटा फक्त गॅलरीचं प्रेशर सांगतो. चापोऱ्याच्या बाजूच्या एका ट्रॉलरचं ताजं ओव्हरहॉल झालेलं इंजिन तापल्यावरही चार किलो दाखवत होतं, मालक खूश. सहाव्या तासाला ठोका सुरू झाला. खोललं तर तीन नंबरचं मेन आणि त्याच्यावरून ऑइल घेणारा रॉड जळालेला. त्या मेनच्या बेअरिंगचे दोन अर्धे भाग अदलाबदल झाले होते. खाच आणि भोक असलेला अर्धा ब्लॉकच्या बाजूला हवा, तो कॅपमध्ये बसला होता, आणि ब्लॉकमधल्या ऑइलच्या भोकावर सपाट बेअरिंग झाकणासारखं. एक वाट बंद झाल्यावर काटा पडण्याऐवजी थोडा वरच राहणार. काट्यावर भरवसा ठेवून हा दोष कधीच सापडला नसता.

खोलायची वेळ आलीच तर

चेंबर निघाल्यावर लगेच कॅप सोडू नका. आधी जुन्या मेस्त्रींची युक्ती वापरा. एका प्रेशरच्या डब्यात इंजिन ऑइल भरून दोन-तीन किलो हवा द्या आणि नळी गॅलरीला जोडा. बॅटरी घेऊन खालून बघा. चांगल्या बेअरिंगमधून ऑइल थेंबाथेंबाने टपकतं. सैल बेअरिंगमधून धार लागते. आणि जिथून काहीच येत नाही, तिथे वाट बंद आहे. क्रँक थोडा थोडा फिरवून परत बघा, कारण भोकं समोरासमोर आली की चांगलं बेअरिंगही क्षणभर धार सोडतं. अर्ध्या तासाच्या या कामात कुठे खोलायचं ते कळतं.

क्लिअरन्स मोजायला प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा धागा मिळतो. जर्नल पुसून कोरडा करा, धागा आडवा, म्हणजे क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप टॉर्क पान्याने पूर्ण आवळा, क्रँक फिरवू नका, आणि परत काढून चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा. एका जर्नलवर दोन टोकांना दोन धागे टाकले तर जर्नल निमुळता घासलाय का तेही दिसतं.

आता निघालेलं बेअरिंग वाचायला शिका. सगळ्यात वरचा थर करडा, त्याखाली तांबूस, त्याखाली पोलाद. (अल्युमिनियमच्या बेअरिंगला हे रंग दिसत नाहीत.) गोल गोल ओरखडे आणि आत रुतलेले कण दिसले तर घाण: क्रँक ग्राइंड करून आणला आणि त्याची आतली भोकं ब्रश घालून धुतली नाहीत. क्रँकच्या ज्या प्लगांमागे कीस साठतो ते काढल्याशिवाय तो निघत नाही, आणि पहिल्याच स्टार्टला तो थेट रॉडच्या बेअरिंगमध्ये जातो. धातू फासल्यासारखा पसरलेला, काळानिळा पडलेला असेल तर ऑइल पोचलं नाही. फक्त एका कडेला घासलंय तर ग्राइंडिंगवाल्याने जर्नलच्या कोपऱ्याची गोलाई जास्त ठेवली. वरच्या अर्ध्यात एका कडेला आणि खालच्यात विरुद्ध कडेला झीज, तर रॉड वाकलाय. मेन बेअरिंगांपैकी मधली जास्त आणि टोकाची कमी खाल्लेली दिसली तर क्रँक किंवा ब्लॉकची लाइन सरळ नाही, तिथे नवी बेअरिंगं घालून काही होणार नाही. काळे खड्डे दिसले तर आम्ल किंवा पाणी.

बेअरिंगची पाठही बघा. पाठ जागोजागी चकाकत असेल तर बेअरिंग घरात हलत होतं. ते घट्ट बसायला त्याची कड कॅपच्या कडेपेक्षा केसभर वर असते, आवळल्यावर ती दाबली जाते. म्हणून कॅप कानशीने घासणं किंवा बेअरिंगमागे पत्र्याची नाहीतर कागदाची पट्टी घालणं, दोन्ही कामं वाईट. पट्टीमुळे बेअरिंगची उष्णता ब्लॉककडे जात नाही आणि ते जळतं. पाठीवरच मापही छापलेलं असतं: ०.२५, ०.५०, ०.७५. क्रँक ०.५० ला ग्राइंड झाला आणि बेअरिंग ०.२५ चं पडलं, तर ०.२५ मिलिमीटरची जादा फट. वरचं आठपटीचं गणित आठवा. रॉडच्या आणि मेनच्या कॅपवरचे नंबर आणि दिशाही जुळवा, एकाची कॅप दुसऱ्याला लागत नाही.

जाड ऑइल आणि रिलीफच्या स्प्रिंगमागे वॉशर, या दोन जुगाडांबद्दल विचारणारे बरेच असतात. दोन्हींनी काटा वर जातो. फट तेवढीच राहते. जाड ऑइल तर सकाळच्या थंड स्टार्टला बेअरिंगपर्यंत पोचायलाच उशीर करतं. जेटीपर्यंत परत यायला एखाद्याने केलं तर समजू शकतो, त्यावर हंगाम काढू नये.

नवं इंजिन बांधल्यावर पहिला स्टार्ट कोरडा मारू नका. पंप ऑइलने भरा, फिल्टर भरून लावा, त्याच प्रेशरच्या डब्याने गॅलरी भरा, आणि डिझेल बंद ठेवून काटा हलेपर्यंत सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मध्ये सेल्फला थंड होऊ द्या.

दर्यात असताना प्रेशर पडलं तर तांडेलाला आधीच सांगून ठेवा: जाळं ओढत असाल तर लगेच वेग खाली, गियर काढा, इंजिन बंद. "बंदरापर्यंत जाऊया हळूहळू" म्हणून चालवलेल्या इंजिनाचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. ऑगस्टच्या लाटेत बंद इंजिनाने होडी आडवी पडते, त्यामुळे नांगर आधी तयार ठेवा, मग पातळी आणि गळती बघा. जवळच्या होडीला व्हीएचएफवरून सांगा. जीवाला धोका वाटला तर चॅनल १६ वर हाक द्या, किनाऱ्याजवळ मोबाइल लागत असेल तर कोस्ट गार्डचा १५५४.

राहिलं बिलाचं. ग्राइंडिंगवाल्याकडून प्रत्येक जर्नलचं माप कागदावर लिहून घ्या, सगळ्या मेनची आणि सगळ्या रॉडची, फक्त "०.५० केला" एवढं नको. बांधताना मोजलेला क्लिअरन्सही मेस्त्रींकडून त्याच कागदावर घ्या. पहिल्या चार फेऱ्यांत रोज गरम इंजिनाचं प्रेशर, पाण्याचं टेंपरेचर आणि घातलेलं ऑइल वहीत लिहा. आणि जुनी बेअरिंगं भंगारात देऊ नका. मागे मार्करने नंबर टाकून, वर की खाली ते लिहून, पिशवीत बांधून घरी आणा. पुढे वाद झाला तर नेमकं काय बिघडलं होतं ते त्या पिशवीतूनच दाखवता येतं.